मामंजी, खांब आणि पुढची कादंबरी

आमचे मामंजी माझ्याशी कधी बोलत नसत. जे सांगायचं ते ओटीवरच्या खांबाला सांगत. "खांबा, आज आमटीत मीठ जरा हात राखून पडलंय हो," असं म्हणून ते पानावरून उठत, आणि मी माजघराच्या दाराआड जीभ चावत असे. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही तेव्हाची रीत. मामंजी ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. नियम मोडायचा नाही आणि काम मात्र अडू द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

कादंबरी हे त्यांचं एकच व्यसन. दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की ते झोपाळ्यावर मांडी घालून बसत आणि मोठ्यानं वाचत. नाव स्वतःसाठी वाचण्याचं. आवाज मात्र बरोबर माजघरापर्यंत पोचेल इतका. आत आम्ही तिघी असायचो. सासूबाई, मी आणि माझ्या नणंदबाई. सासूबाई वाती वळत आणि "मेल्या त्या राजपुत्राचं काय कौतुक!" म्हणून नाक मुरडत. पण राजपुत्र संकटात सापडला की त्यांची वात अर्ध्यातच राही.

माझ्या वडिलांनी मला कल्याणला घरीच वाचायला शिकवलं होतं. सासरी मी ते लपवून ठेवलं होतं, कारण वाचणारी सून संसाराला लागत नाही अशी सासूबाईंची ठाम समजूत. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी चालू कादंबरीची पुढची पानं वाचून घेई. एकदा हात धुवायचे राहिले आणि पानावर हळदीचं बोट उमटलं. संध्याकाळी मामंजी त्या पानाशी थांबले. ते खांबाकडे वळून हळूच म्हणाले, "खांबा, हळद लागली तर लागू दे. पण पान दुमडत जाऊ नकोस, आणि पुढचं आधीच कुणाला फोडू नकोस."

तेव्हापासून पुढची कादंबरी आम्ही दोघं मिळून निवडू लागलो. एक संपली की मामंजी कोर्टात जाताना झोपाळ्यावर दोन पुस्तकं ठेवून जात आणि बाजूला एक सुपारी. दुपारी मी दोन्ही चाळून बघे आणि जी हवी तिच्यावर सुपारी ठेवी. संध्याकाळी ते सुपारी कनवटीला लावत आणि तेच पुस्तक उघडत. आपलंही मत कुणी विचारतं, हे सुख मला त्या घरात पहिल्यांदा मिळालं ते असं.

निवडीचे त्यांचे नियम मात्र कडक. नवीन पुस्तक घरात आलं की थेट लाकडी पेटीत जाई. "खांबा, दोन पावसाळे जाऊ देत. पहिल्या पावसाळ्यात पुस्तकाला कसर लागते आणि दुसऱ्यात लोक त्याला विसरतात. एवढं होऊनही ज्याचं नाव निघतं, तेच वाचावं." बाळकुमहून भाजी घेऊन येणारी म्हातारी पायरीवर बसल्याबसल्या विचारायची, "दादा, त्या राजाच्या पोरीचा काय झाला?" तिनं वर्षभरानंही विचारलं, तर मामंजी ती जुनी कादंबरी पुन्हा काढत.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. त्या मामंजींची एकुलती एक लेक, माझ्याहून लहान. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन परत आलेल्या. त्यांचे केस अजून ठेवलेले होते. भाऊबंद त्यांच्या हातचं पाणी घेईनात, आणि सासूबाई लोकांच्या बोलण्यानं अर्ध्या झाल्या होत्या. "न्हाव्याला बोलवायचं कधी?" त्या दर महिन्याला विचारत. मामंजी कधी पितृपक्ष काढत, कधी कोर्टाचं काम. थेट नको म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. रीत त्यांना माझ्याइतकीच बांधून होती.

त्याच सुमारास आमच्या ह्यांनी मुंबईहून एक कादंबरी आणली. तिच्यात राजपुत्र नव्हता. आपल्यासारखंच घर होतं आणि वन्संसारखीच मुलगी. ती पेटीत जायच्या आधीच मी वाचून काढली आणि चुलीच्या धुराच्या नावावर रडून घेतलं. दोन पावसाळे गेले, तिसराही गेला. मुंबई-पुण्यात तिचं नाव निघत होतंच. अखेर मामंजींनी ती एका जुन्या कादंबरीशेजारी ठेवली आणि मी तिच्यावर सुपारी ठेवली. संध्याकाळी त्यांनी सुपारी उचलली, अडकित्त्यानं कातरली, तोंडात टाकली आणि दुसरंच पुस्तक उघडलं. खांबालाही काही बोलले नाहीत. मला फार राग आला. आता वाटतं, ते पान लेकीच्या कानावर पडेल असं वाचायचं, तर त्यांचा आवाज कुठून निघणार होता?

पुढच्या थंडीत मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सासूबाईंच्या मनानं घेतलं, की घरात केस राखलेली विधवा आहे म्हणूनच हे ओढवलं. त्यांनी न्हाव्याला अमावास्या झाल्यावर यायचा निरोप धाडला. वन्संनी वेणी घालायचं सोडून दिलं.

एके संध्याकाळी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, पडून पडून त्यांना करमत नाही. तुझे वडील शिकलेले, तुला चार अक्षरं येत असतील तर पोथी वाच." मी पेटी उघडली. एक मामंजींची आवडती राजपुत्राची कादंबरी घेतली आणि एक ती. दोन्ही त्यांच्या अंथरुणावर ठेवल्या आणि डाव्या हातात सुपारी दिली. सुपारी बराच वेळ मुठीतच राहिली. मग त्यांनी दाराशी बसलेल्या वन्संकडे पाहिलं आणि ती माझ्या कादंबरीवर ठेवली.

मी वाचायला लागले. सासऱ्यासमोर माझा आवाज पहिल्यांदाच निघत होता, आणि तो मलाच परका वाटत होता. सासूबाई "ही कसली पोथी?" म्हणत उठल्या, पण दाराच्या पलीकडे गेल्या नाहीत. रोज थोडं थोडं असं चालू राहिलं. त्या मुलीपुढे न्हावी येऊन बसतो त्या पानावर सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मला पुढचं अक्षर दिसेना.

तेव्हा मामंजी बोलले. खांब ओटीवर होता, ते आत निजलेले. सरळ माझ्याकडे बघून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "सूनबाई... आपल्याकडे... न्हावी... नको."

सासूबाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः टेंभी नाक्याकडे जाऊन न्हाव्याला नको म्हणून सांगून आल्या.

कादंबरी संपली आणि दोन आठवड्यांत मामंजी गेले. मला ते फार हवे होते अजून. भाऊबंदांनी आमच्याकडचं जेवण सोडलं ते कायमचं, आणि सासूबाईंनी तेही सोसलं. वन्संना मी वाचायला शिकवलं. आता त्यांचे केस पांढरे झालेत. मी झोपाळ्यावर दोन पुस्तकं ठेवली की त्या विंचरणं पुरं करतात, फणी कोनाड्यात ठेवतात, आणि मग सुपारी उचलतात.