धुळकट काचेवरचं गणित

दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली आणि डिझेलचा तो जुना वास नाकात शिरला. मी सारखी उठतेय, बसतेय. पलीकडे मुरूडच्या दवाखान्यात माझे वडील, अप्पा आहेत, आणि भाऊ सकाळी फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, निघ."

बारावीच्या गणिताच्या पेपरला जातानाही अशीच तगमग होती. हीच खाडी, हाच वास. अप्पा गणिताचे मास्तर, मला सोडायला आलेले. बोटीवरच्या एका टेम्पोच्या धुळकट काचेवर त्यांनी बोटाने लिहिलं, f(x) = x². x = 3 ला याचा अवकलज काढायचा, म्हणजे f(3+h) मधून f(3) वजा करायचं, h ने भागायचं आणि h शून्याकडे न्यायचा.

"शेवटी शून्यच होणार ना? मग मी आत्ताच घालते," मी वैतागून म्हटलं.

"घाल की. वर शून्य, खाली शून्य. हाती काय लागलं?"

त्यांनी कंस सोडवला. नऊमधून नऊ गेले, उरलं 6h + h². h ने भागल्यावर 6 + h.

"आता घाल."

उत्तर आलं सहा. अप्पांचं बोट मातीने माखलं होतं. ते शर्टाला पुसत म्हणाले, "तुला भारी घाई. आधी सोपं करून घ्यावं, बाय. शून्य अगदी शेवटी."

तेव्हा मला ती नुसती मार्क मिळवायची युक्ती वाटली होती.

आगरदांडा दिसायला लागलाय. पर्समध्ये फोन थरथरतोय, भावाचाच असणार. मी पर्स दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलीय.

एवढ्यात नाही.