डाव्या चाकाची चौकशी

दिवाकर चाकाकडे आधी पाहायचाच नाही. गाडी शेडसमोर थांबली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राही आणि फडक्याला बोटं पुसत गिऱ्हाइकाला विचारी, "कसं लागलं, सांगा." गिऱ्हाईक सांगे. कुत्रं आडवं आलं, ट्रकवाल्यानं दाबलं, बायकोनं नेमकी तेव्हाच हाक मारली. सगळं ऐकून झालं की तो उकिडवा बसे, डोळे मिटून घासलेल्या जागेवरून बोटं फिरवी आणि म्हणे, "गाडी काई असं म्हणून नाई राह्यली."

मला पहिल्याच भेटीत त्याचा राग आला. मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. आर्वी, पुलगाव, वर्धा या रस्त्यांवर बस थांबवून लोकांना प्रश्न विचारण्यात माझी उभी नोकरी गेली. तिकीट नसलेला माणूस कोणता खिसा आधी चाचपतो, हे मला पाठ होतं. आणि इथे वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये घासलेली चाकं दुरुस्त करून देणारा एक रंगानं माखलेला माणूस माझीच तपासणी करत होता.

गाडी निवृत्तीनंतर घेतलेली, आयुष्यातली पहिली. चंदेरी रंगाची, आणि जावयाच्या हट्टापायी तिला अलॉयची चकचकीत चाकं. एका सकाळी पाहतो तर पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला लांबलचक ओरखडा. मला काहीच आठवेना. म्हणजे हा उद्योग शेजाऱ्याचा, असं मी मनाशी पक्कं केलं. दिवाकरला मात्र ठोकून दिलं, की भाजीबाजाराजवळ गर्दीत रस्त्याच्या सिमेंटच्या कडेला लागलं.

"गर्दीतलं नाई हे, काकाजी. गर्दीत गाडी हळू असते."

"तुले चाक दुरुस्त कराचं हाये का बयान घ्याचं हाये?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि पाना घ्यायला आत गेला.

त्याचं घराणं आर्वीकडचं, भाजीपाला पिकवणारं. त्याची आई बाजारात बसायची. "माय वांगं हातात घेतल्याबरोबर सांगे, अंदर कीड हाये का नाई," असं तो अभिमानानं सांगायचा. चाकाच्या बाबतीत त्याचं तसंच होतं, फक्त त्याला प्रत्येकच वांगं किडकं वाटायचं. माझं चाक काढून त्यानं धुतलं, त्याला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी फासली. आत बारीक तडा असला तर मुरलेलं रॉकेल झिरपून खडूवर रेघ उमटते म्हणे. "वरून खरचटलं दिसते. अंदर फुटलं असन आन् म्या रंग मारून देला, तं तुमच्या जिवाचं कोणं पाहीन?" नवं चाक माझ्या गळ्यात मारायची ही पूर्वतयारी आहे, हे मी ताबडतोब ओळखलं. पण रेघ काही उमटली नाही.

चाक एक दिवस ठेवून जावं लागणार होतं. बदलून दुसरंच दिलं तर? मी घरून निघतानाच बायकोची नेलपॉलिश खिशात घालून आणली होती. दिवाकर आत गेलेला पाहून चाकाच्या आतल्या बाजूला एक गुलाबी ठिपका लावून टाकला. दुसऱ्या दिवशी गेलो तर ओरखडा होता कुठे हे मलाच सापडेना. मी चाक उन्हात फिरवून फिरवून पाहिलं आणि हळूच वाकून आत नजर टाकली.

"हाये तुमची खूण," दिवाकर मागून म्हणाला. "काकूची नेलपालिश चांगली हाये. थिनरनंबी नाई गेली."

एखाद्यानं शरमेनं पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नसतं. मला दीड महिन्यातच जावं लागलं. तेच चाक, तसाच ओरखडा. आता माझा संशय शेजाऱ्यावरून उठून थेट दिवाकरवर बसला. रंग मुद्दाम कच्चा मारत असेल, किंवा शेडसमोर गाडी वळवताना स्वतःच घासून ठेवत असेल. तिसऱ्या वेळी मागचं डावं चाकही घासलेलं निघालं, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. एवढा उद्योग करायला दुसऱ्या कोणाला काय पडलं होतं?

संशय त्यालाही आला होता, पण माझ्यावर.

"गाडी कोण चालवते, काकाजी?"

"मीच."

"पोरगा नाई? जवाई?"

"कोणी नाई. मी आन् बाजूले बायको."

त्यानं आवाज उतरवला. "राग नोका येऊ देऊ. तुम्ही घेता का? थोडीबहुत?"

मी ताडकन उठलो. उभ्या जन्मात मी सुपारी खाल्ली नाही आणि हा मला दारू पिता का विचारतो! तिथून निघून जाणार होतो, पण चाक त्याच्या ताब्यात होतं. म्हणून स्टुलावर बसून राहिलो आणि त्याच्यावर पाळत ठेवली. त्याची आणखी एक खोड मला खटकू लागली होती. चहा देताना तो कधी इकडून येई, कधी तिकडून, अगदी गुपचूप. अचानक पेला नाकाशी दिसला की मी दचके, आणि तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राही. सरळ माणूस असा वागत नाही.

चौथ्या वेळी त्यानं काम घ्यायलाच नकार दिला.

"हे चाक मी नाई करत."

"काऊन? पैसे नाई भेटले का तुले?"

"पयले डोळे दाखवून या."

मी भडकलो. चष्म्याशिवाय अख्खा पेपर वाचतो म्हणालो. रस्त्याची कड डावीकडेच असते, मग घासलं तर डावंच चाक घासणार, उजवं कसं घासेल, हे तिकीट तपासनीसाच्या आवाजात ठणकावलं. बायको गाडीत बसून सगळं ऐकत होती.

दिवाकर शांतपणे चाकाशी बसला. "सगळ्याइचं डावंच घासते, काकाजी. पण ते गाडी लावताना. बोटभर घासते, मंग माणूस ब्रेक मारते. तुमचं पाहा, अर्ध्या चाकाले हाये. लागून राह्यलं तरी तुम्ही चालतच होते. तुम्हाले दिसलंच नाई. आन् चहा उजवीकून आणला तं तुमचा हात पयलेच पुढं येते. डावीकून आणला का दचकता. दर खेपेले पाह्यलं म्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "घरातबी डावा खांदा दारावर आदळत असते तुमचा. मले वाटलं, घाईनं होते."

मग दिवाकरनं त्याच्या वडिलांचं सांगितलं. भाजीचा टेम्पो चालवायचे. आधी टेम्पोचा डावा आरसा गेला, मग विहिरीच्या कठड्याला घासलं, मग अंगणातली खाट दिसेना. "आम्ही म्हणलो, बुडा लपूनछपून पेते. माळकरी माणूस, जी. मी सोता त्याचं तोंड हुंगलं. दोन्ही डोळे गेल्यावर दवाखान्यात नेलं." फडक्याला बोटं पुसत तो पुढे म्हणाला, "म्हून तुम्हालेबी पयले तेच विचारलं. ते पयले विचाराले नोको होतं."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. साहजिकच मला वाटलं, त्यांचं आणि दिवाकरचं आतून साटंलोटं असणार. मी नागपूरला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तोही तेच म्हणाला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली, परत येणार नाही. उजव्यात नुकतीच सुरुवात आहे, थेंब न चुकता घातले तर तो राहील. गाडी मात्र बंद. घरी येऊन किल्ली बायकोच्या हातात दिली, तेव्हा मला रडू आलं. चार महिने उशीर झाला असता तर काय, हे मनातून जाईना.

गाडी मुलीला द्यायचं ठरलं, तेव्हा दिवाकरनं आपण होऊन चाकं करून दिली. मी रिक्षानं गेलो. तो म्हणाला, "पाहून घ्या."

"तू पाह्यलं ना? झालं मंग," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं, आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

तो उखडलाच. "असं नाई चालत. उजवा डोळा हाये ना? मंग पाहा!"

मी चाक उन्हात घेतलं, मान वळवून सावकाश फिरवलं. एका आऱ्याच्या बुडाशी रंगाचा थेंब सुकलेला होता. मोहरीएवढा. मी बोट ठेवलं.

"दिसते!" दिवाकर एवढ्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मग तो पॉलिश पेपर घेऊन खाली बसला आणि तो थेंब घासू लागला.

पुढे रस्ता रुंद झाला, शेड गेलं. दिवाकर गावी परतला आणि भाजी लावतो आहे. चार चाकांच्या कामात एवढा एकच थेंब त्याच्या बोटांतून कसा सुटला, हे कोडं मला रोज डोळ्यात औषध घालताना पडतं. फोन करून विचारता येईल. पण तो खरं सांगेल, यावर माझा मुळीच विश्वास नाही.