अस्तराची कॅन

दौलताबादची सारजाबाई पेंडीचं पोतं घेतानाही शिवण उसवून मधली मूठ काढायची, हुंगायची, मगच बोलायची. दुकानदार वरवर चांगली पेंड भरतो, याबद्दल तिला जराही संशय नव्हता. बाकी सगळ्याबद्दल होता.

नवरा गेल्यावर म्हशी तिनंच सांभाळल्या. दूध प्रवासी जीपमध्ये टाकून ती स्वतः शहरात, उस्मानपुऱ्यात नवाबभाईच्या चहाच्या हॉटेलात पोचवायची. घर त्या एका गिऱ्हाइकावर चाललेलं, आन् त्या उन्हाळ्यात दूध सारखं नासायला लागलं.

"बाई, फटे दूध की चाय मैं किसकू पिलाऊं?" नवाबभाई म्हणाला. "और एक बार हुआ तो मैं पाकीट का दूध लगाता."

तिच्या बहिणीचा पोरगा बद्रीनाथ चितेगावच्या प्लास्टिक कारखान्यात होता. त्यानं चाचणीसाठी काढलेली एक कॅन आणून दिली. आतून दुधी रंगाचं अस्तर.

"तुझ्या जुन्या कॅनच्या सांध्यात कालचं दूध चिकटून राहतंय, मावशी. तिथं जंतू घर करतेत. ह्या अस्तराला टेकले की मरतेत."

"आत औषध मारलंय व्हय?"

"औषध नाय. प्लास्टिकच तसं बनवलंय. जंतूच्या अंगावर विजेचा भार असतो, अस्तरावर त्याच्या उलटा. अस्तर त्याला वढून घेतं, आन् त्याचं कातडं फाटतं."

"आन् पिणाऱ्याचं आतडं?"

"अस्तर कॅनची भिंत सोडून येत नाय गं."

"तू तर म्हणणारच. पगार कंपनी देती तुला."

नवाबभाई सुटायची भीती होती म्हणून कॅन तिनं ठेवून घेतली. पण त्या अस्तराचं जे काय असंल ते निघून जावं म्हणून रोज संध्याकाळी कपड्याच्या साबणानं आतून खसाखसा धुवायची, आन् वरून एकदाच पाणी फिरवायची. आठवडाभरात दूध पुन्हा नासलं. नवाबभाईनं सारजाबाईच्या देखत भगोणं गटारीत पालथं केलं. "कल आखरी मौका," एवढंच म्हणाला.

तिनं बद्रीनाथला बोलावून घेतलं. "तुझ्या कंपनीनं माझं गिऱ्हाईक खाल्लं."

बद्रीनाथनं कॅनमध्ये हात घातला. आत बुळबुळीत. "साबण लावलास?"

"मग काय तुझ्या भरवशावर तशीच वापरू?"

"मावशी, साबणाचा भार जंतूसारखाच. अस्तरानं साबणच धरून ठेवला, वर थर बसला. जंतूला टेकायला भिंतच ठेवली नाय तू."

त्यानं दुसरी कॅन आणली. नुसत्या गरम पाण्यानं धुवायची, असं बजावलं. त्या दिवशी दूध दुपार कलली तरी टिकलं. नवाबभाईनं पाकिटाच्या दुधाचं नाव काढलं नाही, म्हणजे राजी होता. सारजाबाईच्या मनात मात्र आता खरा संशय शिरला. लई चांगलं टिकलं होतं. कायतरी उतरल्याबिगर असं टिकत असतं का?

उरलेल्या दुधाला तिनं त्याच कॅनमध्ये विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर दही लागलेलं. भिंतीलगत जरा पातळ, मधी घट्ट. तिनं फोन लावला. "फसवलंस मला. जंतू जिते हायत तुझ्या कॅनमधी. दही लागलं."

पलीकडून बद्रीनाथ हसला. "दही तेच लावतेत, मावशी. अस्तरातलं काय दुधात उतरलं असतं, तर तुझं विरजणच मेलं असतं. भिंतीला टेकंल तेवढाच मरतो. मधले जितेच राहतेत, म्हणून दूध येळेत पोचवावंच लागंल."

सारजाबाईनं फोन ठेवला. मधलं दही चाखलं, मग कडेचं. मग पोटात दुखतंय का बघत ओट्यावर बसून राहिली. काही झालं नाही. तिनं कॅन गरम पाण्यानं तीनदा विसळली, ताज्या धारा काढून भरली आन् जीप गाठली.

हॉटेलात पहिला कप तिनं स्वतः मागून घेतला. नवाबभाई गल्ल्यावरून बघत होता. "दूध तो अच्छा है बाई. अब काय का शक?"

"इतकं चांगलं कसं, त्याचाच," ती म्हणाली आन् कप तळापर्यंत प्यायली.

"कल भी यहीच लाना," तो म्हणाला.