'चान्या' हा शब्द मशीनला कुणी सांगितला?

आमच्या मालवणात देवचाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताची, गोष्ट नसलेलं घर सापडणार नाही. मी मात्र अशा गोष्टी चहाबरोबर ऐकून सोडून देणारी बाई आहे. भूतखेत, चकवा, स्वप्नातले संकेत... यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते माझ्याच लॅपटॉपवर, भर दुपारी आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

पुण्यात मी पुस्तकांचं संपादन करायचे. लग्नानंतर मालवणात आले आणि लोकांच्या आठवणींची पुस्तकं करून द्यायला लागले. घरी जायचं, माणसाला बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, ते उतरवून काढायचं आणि एआयला द्यायचं. मी त्याला मशीन म्हणते. मशीनला आत्मचरित्र लिहिता येतं का, यावर माझी लोकांशी बरीच भांडणं झाली आहेत. माझं उत्तर ठाम आहे — येतं, आणि वाचत राहावं असं येतं. माणूस मनापासून बोललेला हवा, आणि लिहिलेलं शेवटी त्याला वाचून दाखवायला हवं. 'हे माझं नाही' असं तो म्हणाला की ते पान जातं. बस्स.

गेल्या वर्षी वालावलला दाजींचं पुस्तक करायला घेतलं. दाजी म्हणजे दशावतारी नाटकांत बायकांची कामं करणारे जुने स्त्रीपार्टी. आता ऐंशीच्या पुढचे, पण बसणं अजून ताठ, आणि बोलताना पदर नसतानाही हात खांद्याकडे जाणार. घरी ते आणि त्यांची मुलगी नंदा. ती कुडाळला दवाखान्यात नर्स आहे. पुस्तक तिलाच हवं होतं.

दाजी मालवणीत भरभरून बोलले. संवाद लिहिलेले नसायचे, आयत्या वेळी सुचतील ते बोलायचे... राजा अडखळला तर राणीने कसं सावरून घ्यायचं... सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सोडून. भर उमेदीत, नाव गाजत असताना त्यांनी अचानक काम थांबवलं होतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी विचारलं, तर म्हणाले, "तां सोड गो चेडवा. दुसरां काय ता विचार."

मग नंदाने मला मागच्या पडवीत नेऊन तिची बाजू सांगितली. तिला एक मोठा भाऊ होता, महेश. लहानपणीच तापाने गेला. दाजी वर्षभर घरात धाय मोकलून रडायचे. आणि एक दिवस जत्रेवरून परत आले ते एकदम शांत. त्यानंतर ना रडले, ना पुन्हा साडी नेसून उभे राहिले.

"आई म्हणायची, ह्यांचा दगड झाला," नंदा म्हणाली. "आई जाईपर्यंत तिच्या मनातून ते गेलं नाही. मलाही वाटतं... बाबा महेशला विसरले. तुम्हाला सांगितलं तर बघा."

दाजींनी सांगितलं नाहीच. मी सगळं बोलणं मशीनला दिलं. शेवटाबद्दल त्यात महेशचं जाणं आणि काम थांबवणं, एवढंच होतं. शेवटचं प्रकरण लिही म्हटलं. माहिती नसेल तिथे मशीन मनाने जोडून लिहितं हे मला ठाऊक असतं. चुकलं तर दाजी काट मारतील, हा नेहमीचा हिशेब.

प्रकरण आलं. फोंडाघाटाकडची जत्रा, उजाडायला आलेलं. दाजी मुलाला मुकलेल्या राणीच्या वेशात विलाप करताहेत. तेवढ्यात एक म्हातारी कडेने आत येते, त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा करते आणि म्हणते — 'चान्या, रडू नको. तुजो झील माज्याकडे आसा.' झील म्हणजे मुलगा. बाकी प्रकरण प्रमाण मराठीत, हे एकच वाक्य मालवणीत.

प्रसंग मला आवडला. 'चान्या' मात्र खटकलं. दाजींचं नाव वसंत. 'सोन्या'चं काहीतरी झालं असावं असं वाटलं. विचारून दुरुस्त करू, म्हणून तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दाजींना वाचून दाखवायला बसले. नंदा सुट्टीवर होती, तीही शेजारी. दाजी डोळे मिटून ऐकत होते. म्हातारीच्या वाक्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"कुणीच नाही दाजी. मशीनने लिहिलंय. चुकलं असेल तर काढते."

"चुकला नाय." त्यांनी डोळे उघडले. "चान्या म्हणान माका एकच माणूस हाक मारी. माजी आवस. मी चानीसारखो झाडार चढय म्हणान."

चानी म्हणजे खार. आणि त्यांची आई त्यांच्या लग्नाच्याही आधी गेलेली. नातवाचं तोंडसुद्धा तिने पाहिलं नव्हतं.

दाजी सांगत गेले. प्रकरणात होतं तसंच घडलं होतं. तीच जत्रा, तेच वाक्य. दाजींनी नंतर मृदंगवाल्याला विचारलं, तर त्याने कुणालाच बघितलं नव्हतं. राणी मध्येच का थांबली, एवढंच त्याने विचारलं.

"बाबा, घरी का नाही सांगितलंत?" नंदाने विचारलं.

"लोक येडो म्हणतले, म्हणान. आणि तुज्या आवशीक काय सांगू? ती रडताहा, आणि मी निवांत. पोर आजयेकडे आसा, ह्यां माका कळला. मगे माका रडूकच येयना. आणि रडणा नाय, तर स्त्रीपार्टी कसली?"

एवढी वर्षं घरात ज्याला दगड म्हटलं गेलं, ते खरं तर समाधान होतं. नंदा खाली त्यांच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "महेशबद्दल सांगा. काहीही सांगा." मी रेकॉर्डर बंद केला आणि मागीलदारी जाऊन उभी राहिले. त्यानंतर ते दोघं जे बोलले ते माझ्याकडे नाही, मशीनकडेही नाही.

घरी आल्यावर मी एखाद्या तपासनीसासारखी कामाला लागले. उतरवलेल्या मजकुरात 'चान्या' शोधलं... नाही. सगळी रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकली... नाही. नंदानेही तो शब्द त्या दुपारी पहिल्यांदाच ऐकला होता. मशीनला विचारलं, तर उत्तर आलं — दिलेल्या माहितीवरून प्रसंग कल्पनेने रचला आहे. तेच प्रकरण तीच माहिती देऊन पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. कधी आवाज बसला म्हणून दाजी थांबले, कधी वय झालं म्हणून, कधी कंपनी मोडली म्हणून. सगळं वाचनीय. म्हातारी मात्र एकदाही आली नाही.

अर्ध्या गोष्टीचा खुलासा मी करू शकते. मेलेलं मूल, रडणारी राणी आणि एक सांत्वन करणारी म्हातारी, एवढं कुठलाही बरा लेखक जुळवेल आणि मशीन बरं लिहितं. फोंडाघाटाची जत्राही योगायोग म्हणून सोडून देईन. पण त्या एका हाकेपाशी माझं सगळं अडतं.

प्रकरण ठेवायचं की काढायचं, हे मी दाजींवर सोडलं. ते म्हणाले, "ठेव. मी सांगलंय नाय, तरी माजाच आसा."

पुस्तक छापून झालं. पहिली प्रत नंदाने आईच्या फोटोपुढे ठेवली आणि शेवटचं प्रकरण तिथेच उभी राहून मोठ्याने वाचलं, सावकाश, आई ऐकते आहे अशा आवाजात. मी मागे होते. असल्या गोष्टी न मानणारी मी, पण तिला थांबवावं असं मला वाटलं नाही.