आधी कोरा हात

"आधी कोरा हात," असे म्हणून ते डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडीत, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी आपोआप गप्प बसे. बोम्मसंद्रातील आमच्या कारखान्यात डास दूर ठेवणारी मलमे तयार होत. मी उत्पादनाचा प्रमुख होतो, ते परीक्षणाचे. आम्ही दोघेही बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतले. ते मला अण्णा म्हणत आणि रागावले की कन्नडमध्ये बोलत.

आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यांच्याविषयी सध्या एक कथा फिरते आहे: जन्मभर डासांशी झुंजलेला माणूस अखेर डेंग्यूनेच गेला. कथा नेटकी आहे, आणि साफ खोटी आहे. ते हृदयविकाराने गेले. त्या वेळी त्यांच्या उशाशी मी होतो. ही कथा सांगणाऱ्यांपैकी कोणीही नव्हते. आपणही ती ऐकली असेल, कदाचित पुढे सांगितलीही असेल. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

प्रथम कोऱ्या हाताविषयी. त्यांच्या खोलीत जाळीचा एक मोठा पिंजरा असे. त्यात तिथेच वाढवलेले, कोणत्याही रोगाचा संसर्ग नसलेले डास असत. खरे तर माद्याच, कारण माणसाला चावते ती मादी. मलम कितीही नामांकित असो, ते चोळलेला हात पिंजऱ्यात घालण्यापूर्वी हे गृहस्थ काहीही न लावलेला हात आत घालीत. त्यावर माद्या तुटून पडल्या की समाधानाने मान डोलावीत. "भुकेल्या आहेत. आता आणा तुमचं मलम." आणि कोणी घाई केली तर म्हणत, "पोट भरलेल्या डासापुढे खोबरेल तेलसुद्धा औषध ठरतं."

घरातही ही शिस्त सुटत नसे. मी एकदा भिंतीच्या सॉकेटात खोचायचे एक यंत्र आणले होते. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने ते म्हणे डासांना पळवून लावते. हे गृहस्थ कॉफीला आले असता मी त्या यंत्राची स्तुती केली.

"डास कमी झाले?"

"नक्कीच झाले."

"यंत्र बंद असताना किती होते, ते पाहिलंत?"

"बंद कशाला करीन? पैसे मोजलेत."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि कॉफी संपवून उठले. जाता जाता माझ्या बाल्कनीतील कुंड्यांखालच्या ताटल्या त्यांनी एकेक उचलून पालथ्या केल्या. साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "अण्णा, तुम्ही यांना घरी जेवायला ठेवलंय आणि दारात भोंगा लावलाय."

ते यंत्र मी फेकले नाही; त्याचा हिरवा दिवा दिसायला बरा आहे. ताटल्या मात्र आता कोरड्या असतात.

निसर्गाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा त्यांना तिरस्कार होता, असेही काही जण सांगतात. तेही चूक. गवती चहाच्या तेलाचा ते मान राखीत. फक्त त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, हे लपवू देत नसत. "डीट असो, पिकारिडिनसारखं दुसरं रसायन असो, लिंबाच्या वासाच्या निलगिरीचा अर्क असो, जे पिंजऱ्यात टिकतं ते माझं," असे त्यांचे साधे धोरण होते. ऊन असेल तर आधी उन्हाचे क्रीम, त्यावर हे मलम. कपड्यांच्या आत लावायचे नाही. लहान मुलांच्या तळहातांना तर मुळीच नाही, ती बोटे तोंडात घालतात. डेंग्यू पसरवणारा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसा चावतो, तेव्हा फक्त रात्री सावध राहणाऱ्यांचे ते कौतुक करीत नसत.

मनगटी पट्ट्याचा प्रसंग तर पुष्कळांनी पुष्कळ रंगवला आहे. मी तिथे पहिल्या रांगेत होतो, म्हणून माझे ऐका. शाळकरी मुलांसाठी सुगंधी पट्टा काढायचा, असे विक्री विभागाने ठरवले होते. विक्रेत्यांच्या सभेत विक्रीप्रमुखांनी पट्टा बांधलेला हात पिंजऱ्यात घातला. एकही मादी जवळ फिरकली नाही. टाळ्या पडल्या.

हे मागून म्हणाले, "साहेब, स्वल्प थांबा. आता पट्टा काढून तोच हात घाला."

"त्याची काय गरज?"

"आधी घालायचा होता. आता नंतर घाला."

पट्टा काढून, हात धुऊन आत घातला. तरीही कोणी चावेना. सभागृहातील वातानुकूलनाने त्या बिचाऱ्या गारठून गेल्या होत्या. पिंजरा उबदार खोलीत हलवला, माद्या हालचाल करू लागल्या, आणि यांनी स्वतःच्या हाताला पट्टा बांधून तो आत घातला. पट्ट्यालगतची दोनचार बोटे जागा कोरी राहिली. त्यापुढे कोपरापर्यंत त्या ओळीने बसल्या.

"मूल मनगटाएवढं नसतं," एवढेच ते बोलले.

त्यांनी साहेबांचा पाणउतारा केला आणि म्हणून त्यांना काढून टाकले, असे जे सांगतात त्यांना मी विचारतो: कोणी पाहिले? ते पूर्ण मुदत भरून, माझ्यादेखत हार घालून घेऊन निवृत्त झाले. पट्टा मात्र आमच्या कारखान्यातून कधीच बाहेर पडला नाही.

आता डेंग्यूची कथा कुठून निघाली, ते सांगतो. छातीत दुखू लागले म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवले, तेव्हा पावसाळा होता आणि शेजारच्या खाटांवर डेंग्यूचे रुग्ण होते. त्यांनी पत्नीला घरून मच्छरदाणी आणायला लावली. "त्या रुग्णाला चावलेली मादी पुढे कोणाला चावेल, तिचा काही नेम आहे का?" मंडळाचे सचिव भेटायला आले, दारातूनच जाळी पाहिली, आणि फळांची पिशवी माझ्या हातात देऊन परतले. दुसऱ्या दिवसापर्यंत साऱ्या मंडळाने त्यांना डेंग्यू करून टाकला होता.

मी संतापून त्यांना हे सांगितले, तेव्हा ते जाळीच्या आतून हसले. "सांगू द्या. मला पोचवायला निदान एक कारण तरी शोधलं."

पत्नीला मात्र ते हसण्यावारी नेता आले नाही. ते गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "अण्णा, आमच्या गल्लीत बायका म्हणतात, त्यांच्या मलमाचा त्यांनाच उपयोग झाला नाही, तर आम्ही पोरांना कशाला लावायचं? ऐकलं की जीव तुटतो. जन्मभर हात खाऊ घातला त्यांनी."

शोकसभा मंडळाच्या सभागृहात झाली. सायंकाळ होती, खिडक्या उघड्या होत्या. सचिवांनी बोलताना नियतीचा उल्लेख केला, डासांचा केला. मी उठलो.

"जाळी कोणी लावली होती, माहीत आहे?"

"दवाखान्यानेच ना? डेंग्यूच्या रुग्णांना लावतात."

"त्यांनी घरून मागवली. डेंग्यू नव्हता म्हणून, आणि होऊ नये म्हणून. त्यांना हृदयविकार होता. आपण दारातून परत गेलात, म्हणून आपल्याला ते कळले नाही."

"अहो, सगळेच म्हणत होते..."

"सगळ्यांना आपणच सांगितलेत."

सभा अवघडली. खुर्च्यांखाली पाय हलत होते आणि मधूनच पोटरीवर चापट बसत होती. तेवढ्यात वहिनी उठल्या. पिशवीतून त्यांनी मलमाची एक ट्यूब काढली आणि पहिल्या रांगेतील बाईंच्या हातात दिली. बाईंनी क्षणभर वहिनींकडे पाहिले, मग टोपण उघडले. ट्यूब रांगेतून पुढे सरकत गेली. माणसे खाली वाकून घोट्यांना मलम चोळू लागली, बायकांनी पदर सावरून मानेला लावले.

ती सचिवांपर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी बोटावर थोडेसे घेतले आणि दोन्ही मनगटांना टेकवले. वहिनी त्यांच्यासमोर थांबल्या.

"तेवढ्याने नाही होत," त्या म्हणाल्या. "पायालाही लावा."

सचिव खाली वाकले.