पोलक्यातला मोबाईल

वलगावच्या ललिताची नजर वाईट, असं नांदगाव पेठच्या त्या कापड कारखान्यात सगळेच म्हणत. वाईट म्हणजे फार तेज. अकरा वर्षं ती तपासणीच्या टेबलावर होती. काचेखाली दिवा, काचेवरून कापड सरकायचं, आणि सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तिचा खडू तिथं पडायचा. अशा बाईच्या कपडे बदलायच्या खोलीत प्लायवूडला भोक पाडायचं म्हणजे फौजदाराच्याच घरी चोरी करायची. पण एवढी अक्कल असती तर भोक पाडणाऱ्यानं ते धंदे कशाला केले असते!

दुपारी तीनची पाळी सुटली. ललिता साडी नेसून पदराला पिन लावत होती, तेव्हा तिला ते भोक दिसलं. ती तडक पलीकडच्या रिळांच्या खोलीत गेली. फळीवर मोबाईल टेकवलेला, रेकॉर्डिंग चालू. मागचं स्टिकर ओळखीचं होतं. मशीन दुरुस्त करणाऱ्या शेखरचा मोबाईल. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि आत काय आहे ते चार सेकंद पाहिलं. त्याआधीच्या एका व्हिडिओत तिच्या शेजारच्या टेबलावरची तरुण आचल दिसत होती. ललितानं मोबाईल बंद करून पोलक्यात खोचला आणि स्वतःच्या फोनवरून पोलिसांना बोलावलं.

मागं एकदा पोलीसबाई कारखान्यात कायदा सांगून गेल्या होत्या. बाईचं असं चोरून चित्रण केलं तर पहिल्याच गुन्ह्याला तुरुंग आहे, म्हणाल्या होत्या. बाकीच्यांना त्या दिवसाचे समोसे आठवत होते. ललिताला एक वाक्य आठवत होतं: काहीही झालं तरी पुसू नका, तोच पुरावा.

पाच मिनिटांत सगळं खातं गोळा झालं. शेखर हात जोडून उभा. सुपरवायझर शालिकराम, तसा भला माणूस, पुढं आला.

"ललिताबाई, तो मोबाईल द्या. सगळ्याइच्या समोर डिलिट करतो, पोट्टा पाया पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ आमची, अन् लाख त्याचे काय, भाऊ?"

त्याचा हात पुढं आला आणि तसाच मागं गेला. मोबाईल जिथं होता तिथं त्याला हात घालता येत नव्हता. आचलला मात्र येत होता. तीही त्यात आहे हे ललितानं तिच्या कानात सांगितलं होतं, आणि तिचं लग्न अकोल्याला ठरलं होतं. ती ललिताच्या अंगावरच आली.

"काकू, पुसून टाका न! तुमचं काय जाते? तुमी थोड्याच हाय त्याच्यात!"

ललिता छातीशी हात धरून भिंतीला टेकली. शालिकरामनं तेवढ्यात तिच्या नवऱ्याला, भगवंतला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन तिच्या कानाला लावला. वावरात मेथी बांधत असलेल्या भगवंतनं एकच विचारलं.

"तू हायेस काय त्याच्यात?"

"हाव. मीच हावो," ललिता सगळ्यांदेखत म्हणाली.

आचल दोन पावलं मागं सरकली.

"मंग पुसून टाक न वो," भगवंत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "आजूबाजूले समजलं त..."

"पुसलं त तो सुटते," ती म्हणाली आणि फोन परत केला.

पोलिसांची गाडी आली. साधना नावाची हवालदारीण आत आली आणि तिनं हात पुढं केला. ललितानं पाठ फिरवून मोबाईल काढला. द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिची मूठ उघडेना.

"बाई, हे पायन कोन?"

साधनाला खोटं बोलता आलं असतं. पण तिनं खरं तेच सांगितलं. "तपासात पाहावं लागतं, ताई. कोर्टातही लागेल."

म्हणजे आणखी माणसं. ललिताचा अंगठा मोबाईल चालू करायच्या बटणावर गेला. एवढा वेळ सगळ्या जगाला नको म्हणणाऱ्या बाईला आता स्वतःच ते पुसून टाकावंसं वाटत होतं, आणि शालिकरामच्या चेहऱ्यावर आशा आली.

आचलनं डोळे पुसले. तिनं ललिताची बोटं हळूच मोबाईलवरून सोडवली आणि तो साधनाच्या हातात दिला.

"तक्रारीत दोन नावं लिहा," ती म्हणाली. "पयलं माह्यं."