लिंबाच्या सालींचा वास

मंडळी, तासाभरापूर्वी आईला बारामतीच्या दवाखान्यातून भवानीनगरला घरी आणलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

सकाळी घर पुसायला मी फिनेल घेऊन पोचलो, तर तात्या, म्हणजे माझे वडील, कढईला बेसन चोळत बसलेले. काल त्यांनी भिगवणची चिलापी आणून खाल्ली होती. आई मासळी खात नाही. ती दवाखान्यात असताना आपण खाल्ली, याची त्यांना लाज वाटत होती.

"फिनेल नगं, तिला खोकला येतो," ते म्हणाले. "लिंबाच्या साली उकळ."

ही आईचीच रीत. नव्वदच्या दशकात तात्या मासळी आणत आणि स्वतःच रांधत. आई अंगणात जाऊन बसे. पण जाण्यापूर्वी वास घालवायला ओट्यावर वाटीभर बेसन आणि लिंबाच्या साली काढून ठेवी.

साली उकळलेल्या पाण्याने आम्ही ओटा, फरशी, दाराची कडीसुद्धा पुसली.

मग आईला घेऊन आलो, तर ती उंबऱ्यातच थांबली.

"मासळी केली व्हती?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "वास येतोय का?"

"लिंबाचा येतोय. आपल्या घरात साली दुसऱ्या कशाला उकळत्यात?"

तात्या खाली बघू लागले. आई त्यांचा हात धरून आत आली.

"तितं पडून एकच घोर होता, मी न्हाय तर तुमी जेवताय का न्हाय. बरं झालं, खाल्लं ते."

मग कढई नाकाशी नेऊन म्हणाली, "ही मातुर परत घासा."

तुमच्या घरी असा कुठला वास आहे, ज्यावरून न सांगता सगळं कळतं?